सॅम्पलकाका

सोसायटीच्या जिन्यात कुणी "आज फार उकडतंय" म्हणालं, की पहिल्या मजल्यावरच्या जाळीच्या दारामागून प्रश्न येतो, "कशाच्या मानाने?" म्हणणारा गप्प होतो. तो सहज म्हणालेला असतो, आणि सहज काही म्हणणं सॅम्पलकाकांना मान्य नाही.

नाव पोरांनी ठेवलं. पोरांच्या मनात त्याचा जो अर्थ होता तो काकांच्या ध्यानात आलाच नाही. इमारतीत संख्याशास्त्राचा प्रसार होतोय, असं समजून त्यांनी नाव ठेवणाऱ्या कार्ट्याला श्रीखंडाच्या गोळ्या दिल्या. काकांची उभी नोकरी सरकारी सांख्यिकीत गेली. खेडोपाडी हिंडून त्यांनी विहिरी मोजल्या, बैल मोजले, कोंबड्या मोजल्या, घरटी ज्वारी किती लागते ते मोजलं. ते अहवाल वर गेले आणि वरच राहिले. निवृत्तीनंतर माणसं ज्ञानेश्वरीचं पारायण धरतात, बोन्साय करतात, नातवंडं सांभाळायला अमेरिकेला जातात. काकांनी पुराव्यावर आधारित धोरण घेतलं.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात तीन रंगांची पेनं, काखेत नाडीची फाईल. त्या फाईलवर "चालू" असं लिहिलेलं असतं. घरात कपाटभर फायली आहेत, त्यांच्यावर "अनिर्णित" असं आहे. "निष्कर्ष" नावाचीही एक फाईल आहे. ती पातळ आहे.

डॉक्टर म्हणाले, "ही गोळी घ्या, बरं वाटेल," तर काका विचारतात, "किती जणांना दिली म्हणजे एकाला बरं वाटतं?" हल्ली डॉक्टर गोळ्या काकूंच्या हातात देतात. भाजीवाली "मेथी कवळी आहे" म्हणाली, तर काका जुडीतली कुठलीही एक काडी काढून मोडून बघतात. वरचीच काडी नाही, कुठलीही एक, डोळे मिटून. त्यामुळे मागे रांग लागते.

त्यांचं मुख्य कार्यक्षेत्र मात्र सोसायटीची मीटिंग. मी सेक्रेटरी असल्यामुळे मला पळता येत नाही. ठराव कुठलाही असो, काका उठतात, चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, "याला पुरावा काय?" एकदा त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्रिकोण काढून सगळ्यांना दाखवला. शेंड्याला अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा, त्याखाली चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेला प्रयोग, त्याखाली साधी पाहणी, आणि अगदी तळाशी "तज्ज्ञांचं मत व अनुभव". वैद्यकात हा त्रिकोण रूढ आहे आणि तिथूनच तो सरकारी धोरणांत आला. आमच्या चेअरमननी पत्रिका हातात घेतली, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "म्हणजे पाया आमचाच!"

काकांचं दैवत उदयपूरला आहे. एकलिंगजी नव्हे, डाळ. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत पोरांना लशी पुऱ्या होत नव्हत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या मंडळींनी 134 गावांत चिठ्ठ्या टाकल्या. काही गावांत नियमित लसीकरण शिबिरं घेतली, काही गावांत शिबिरं आणि शिवाय प्रत्येक लशीला किलोभर डाळ, सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की जेवणाच्या थाळ्या; बाकीच्या गावांत काहीच नाही. काहीच न केलेल्या गावांत 6 टक्के पोरांच्या लशी पूर्ण झाल्या, नुसत्या शिबिराच्या गावांत 18 टक्के आणि डाळीच्या गावांत 39 टक्के. ही कथा काका वॉचमनला सांगतात, रिक्षावाल्याला सांगतात, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना सांगतात. "सहा, अठरा, एकोणचाळीस" हे ते ज्या लयीत म्हणतात, ती ऐकून गुरुजींचा हात आपोआप अक्षतांकडे जातो.

2019 साली बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर या तिघांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा काकांनी दोन्ही विंगांत पेढे वाटले. "बॅनर्जींचा जन्म मुंबईचा. आई निर्मलाबाई, माहेरच्या पाटणकर. आजोळ आपलंच!" ही माहिती त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलली होती. ती खरी निघाली, याचं त्यांना आजही थोडं वाईट वाटतं.

गडचिरोलीचा विषय निघाला की मात्र काकांचा स्वर बदलतो. अभय आणि राणी बंग यांनी तिथं गावातल्याच बायकांना शिकवलं: नवजात बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन द्यायचं. 39 गावांत हे केलं आणि 47 गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षी नवजात मुलांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला, आणि 2011 साली देशभरच्या आशाताईंना बाळंतिणीच्या घरी पाठवायचं ठरलं, त्यामागे या नोंदींची वही होती. "एका वहीनं!" काका म्हणतात, आणि हिरवं पेन काढून उगाचच काहीतरी लिहितात. हा माणूस आकड्यांच्या मागे का लागला असेल, ते अशा वेळी कळतं. आयुष्यभर मोजलेल्या कोंबड्यांचं पुढं काय झालं हे ज्याला कुणी सांगितलं नाही, त्याला ती वही केवढी वाटत असेल!

काकांना तोडीस तोड माणूस आमच्या भागात एकच आहे. त्या समाजशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. दोघं रोज सकाळी टेकडी चढतात आणि चढताना भांडतात. उतरताना गुडघ्यांकडे लक्ष द्यावं लागतं म्हणून तह असतो. बाईंचं म्हणणं, आकडा काय झालं ते सांगतो, का झालं ते सांगत नाही. गडचिरोलीवर त्यांचा उलट प्रश्न असतो, "तिथल्या दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव का दिलं? इमारत झोपड्यांसारखी का बांधली? लोकांना आधी विचारलं, म्हणून. ते विचारणं तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं हो?"

"तळटीप," काका म्हणतात.

बाईंच्या ठेवणीतला बाण म्हणजे पॅराशूट. 2003 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोघा डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने लिहिलं, की विमानातून उडी मारताना पॅराशूट वाचवतं, याला दोन गटांच्या प्रयोगाचा काहीही पुरावा नाही. ज्यांना असा पुरावा हवा असेल त्यांनीच प्रयोगात भाग घ्यावा. काका यावर चिडतात. पण 2018 साली त्याच मासिकात खरोखरच असा प्रयोग छापून आला. तेवीस जणांनी विमानातून उड्या मारल्या, काहींच्या पाठीवर पॅराशूट, काहींच्या पाठीवर नुसती रिकामी पिशवी. निकाल: काडीचाही फरक नाही. पुढं बारीक अक्षरात होतं, की विमान जमिनीवर उभं होतं. बाईंनी हे टेकडीवर सांगितलं, तेव्हा काका इतके हसले की त्यांना बाकावर बसवावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "पण पद्धत निर्दोष आहे!"

दुसरं भांडण रोजगार हमीचं. वि. स. पागे यांनी ही कल्पना आधी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला करून पाहिली. पुढं 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 साली कायदा झाला, आणि मागेल त्याला काम ही गोष्ट पुढं सगळ्या देशानं घेतली. बाई विचारतात, "इथं कुठं टाकल्या होत्या चिठ्ठ्या?" काका थांबतात, दम घेतात आणि म्हणतात, "एक गाव. सॅम्पल साइज एक." मग चार पावलं गेल्यावर, "योजना चांगली होती, हे मान्य. पुरावा कच्चा होता." दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला हे ऐकवायची संधी त्यांना मिळाली नाही, हे दोघांच्याही हिताचं झालं.

आमच्या पुण्यात हे भांडण नवं नाही. 1971 साली गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 उष्मांक धरले, तेवढं खाण्याइतका खर्च कुणाला झेपतो ते पाहिलं आणि सांगितलं, की 1960-61 साली खेड्यातली चाळीस टक्के आणि शहरातली पन्नास टक्के माणसं त्या रेषेखाली होती. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर दुसऱ्या संस्थेत पां. वा. सुखात्मे होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळून परतलेला माणूस. ते म्हणाले, सरासरी गरज ही प्रत्येकाची किमान गरज नव्हे; एकाच माणसाचं खाणं आज एक, उद्या एक असतं, शरीर जुळवून घेतं; तेव्हा उपाशी माणसं यापेक्षा पुष्कळ कमी. दांडेकरांनी त्याला कडक उत्तर दिलं. दोघंही तालेवार, दोघांचं गणित पक्कं. काका या वादातले परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि अजून कोण जिंकलं ते ठरवत नाहीत; ती फाईल "अनिर्णित" कपाटात वरून तिसरी आहे. बाई म्हणतात, "पुरावा दोघांकडेही होता. भांडण होतं ते उपाशी कुणाला म्हणायचं, याचं. ते तुमचा तराजू कसं ठरवणार?" मला वाटतं बाईंचं बरोबर आहे. अर्थात, मला मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं असतं, त्यामुळे मी मत देत नाही.

काकांचा एक विशेष मात्र नोंदवायला हवा. त्यांच्या पुराव्याची पट्टी लांब-आखूड होते. फाटकाशी स्पीडब्रेकर घालायचा ठराव आला तेव्हा त्यांनी तीन देशांतले अभ्यास मागितले. त्यांच्या खिडकीखाली स्कूटर लावू नये, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला तेव्हा पुरावा विचारणाऱ्याला म्हणाले, "अहो, हे उघड आहे!" नातवाच्या दुधात काकू वावडिंग घालतात, तर त्यावर त्यांनी केनियातल्या जंतांच्या औषधाचा सगळा वाद ऐकवला. शाळकरी पोरांना जंतांच्या गोळ्या दिल्या, तर न घेतलेल्या आसपासच्या पोरांनाही फायदा झाला, असं क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं. पुढं 2015 साली दुसऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि विद्वानांत मोठी जुंपली. काकूंनी ते सगळं ऐकलं, आणि दूध उतू जाऊ नये म्हणून मध्येच उठून गॅस बारीक केला. स्वतःला सर्दी झाली की मात्र काका साबुदाण्याच्या आकाराच्या गोड गोळ्या घेतात. "तो माझा खाजगी प्रश्न आहे."

हे फक्त काकांचंच आहे असं नाही. नावडत्या गोष्टीला आपण पुरावा मागतो आणि आवडत्या गोष्टीला उदाहरण देतो. मोठमोठ्या मंत्रालयांतही आधी निर्णय होतो आणि पुरावा वरातीमागून घोड्यासारखा येतो. आमच्या चेअरमनना तर घोडंही लागत नाही.

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढच्या प्रकरणाची किल्ली त्यांच्याकडे आहे. काकू काही वाचत नाहीत, असा काकांचा समज आहे. काका मोठ्याने वाचतात, त्यामुळे काकूंना वाचायची गरज पडत नाही. एकदा काका नॅन्सी कार्टराइट या तत्त्वज्ञ बाईंचं म्हणणं वाचून दाखवत होते. तमिळनाडूत 1980 पासून एक पोषण योजना चालली. आयांना समजावलं, मुलांना पूरक आहार दिला, मुलं सुधारली. तोच कित्ता बांगलादेशात गिरवला, तिथं हवं तसं फळ आलं नाही. "का, ते ओळख," काका म्हणाले.

काकू शेंगा सोलत होत्या. "तिथं सासू असेल घरात."

काका पुस्तकाकडे बघत राहिले. पुस्तकात तेच होतं. बांगलादेशात बाजारहाट पुरुष करतात, आणि एकत्र कुटुंबात कुणाच्या ताटात काय पडायचं ते सासू ठरवते. समजावलं होतं आईला. एका ठिकाणी एखादी गोष्ट चालली म्हणून ती आपल्याकडे चालेलच असं नाही. आपल्याकडे ती कुणाच्या हातानं चालते, ते आधी बघावं लागतं. कार्टराइटबाईंनी यावर पुस्तक लिहिलं, आणि पुढं नोबेलवाल्या अँगस डीटन यांच्याबरोबर 2018 साली चिठ्ठ्यांच्या प्रयोगांवर मोठा निबंधही लिहिला. काकूंनी शेंगांची टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि विचारलं, "हे ओल्यात टाकू की सुक्यात?"

आणि इथून ते प्रकरण सुरू झालं.

ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून आम्ही नोटिसा लावून थकलो होतो. चेअरमनचं मत होतं, दंड लावा. काकांनी विचारलं, "पुरावा काय?" आणि पहिल्यांदाच पर्याय दिला: उदयपूर. जी घरं महिनाभर कचरा नीट वेगळा करतील, त्यांना सोसायटीतर्फे किलोभर तूरडाळ. तीन महिने केला तर स्टीलची थाळी. पण फक्त एका विंगेला. दुसऱ्या विंगेत काहीही करायचं नाही, म्हणजे फरक कळेल. पार्किंगमध्ये सगळ्यांसमक्ष वॉचमनच्या हातून रुपया उडवला. डाळ ए विंगेला गेली. चेअरमन ए विंगेत राहतात. नाणेफेक यदृच्छ असते हे बी विंगेला समजावून सांगण्यात काकांचा आठवडा गेला, आणि बी विंगेनं ते अजून मानलेलं नाही.

मोजणीसाठी काका रोज सकाळी सातला खाली स्प्रिंगकाटा घेऊन उभे राहत. कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. त्या बादली उपडी करत, काका वजन घेत आणि लिहीत. पहिल्याच दिवशी नारळाच्या करवंटीवर काम अडलं. ती झाडाची, म्हणून ओली. पण कुजत नाही, म्हणून सुकी. काकांनी व्याख्या तयार केली: खोबरं चिकटलेलं असेल तर ओला, खरवडलेली असेल तर सुका, अर्धवट असेल तर नोंद करून वगळावी. मग गुरुवारी देव्हाऱ्यातली फुलं आली. एका आजींनी सांगितलं, निर्माल्य हा कचराच नाही. काकांनी तिसरा रकाना आखला. दोन आठवड्यांत रकाने अकरा झाले. ताई दोन्ही बादल्या घेऊन ताटकळायच्या, मग काकांना म्हणायच्या, "आजोबा, मी पुढची बिल्डिंग करून येते, तोवर ठरवा."

पहिल्या महिन्यात ए विंगेत कमालीची सुधारणा झाली. गंमत अशी की बी विंगेतही झाली, डाळीशिवाय. काका हरखून गेले. "केनिया! गोळी न घेतलेल्यांनाही गुण!" आम्हाला वाटलं, बी विंग ईर्ष्येला पेटली, आम्ही फुकटे नाही, हे दाखवायला कचरा वेगळा करतेय. बी विंगेलाही तसंच वाटलं आणि तिची मान ताठ झाली. चेअरमननी दुसऱ्याच दिवशी डाळीचं पाकीट हातात घेऊन फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: योजना यशस्वी. निवडणूक जवळ होती. काका तळमळले, "अहो, अजून दोन महिने आहेत!" त्यावर चेअरमननी अंगठा पाठवला.

दुसऱ्या महिन्याच्या मध्याला दोन्ही विंगा एकदमच कोसळल्या. टोमॅटोच्या साली दुधाच्या पिशव्यांत, जुने सेल भाताच्या खरकट्यात. काकांनी आलेख काढला, दोन रेषा हातात हात घालून खाली आल्या होत्या. त्यांनी ऋतू तपासला, सणवार तपासले, पाहुणे किती आले ते दारोदार विचारलं. बाईंना टेकडीवर आलेख दाखवला. बाई म्हणाल्या, मुलाखती घ्या. काका म्हणाले, मुलाखती म्हणजे गप्पा.

रात्री काकूंनी विचारलं, "कचरा वेगळा करतं कोण?"

"कुटुंब," काका म्हणाले.

"आपल्याकडे कोण करतं?"

काका गप्प. आपल्याकडे मावशी करतात. इमारतीतल्या बहुतेक घरांत मावशीच करतात, आणि त्याच चार-पाच जणी दोन्ही विंगांत कामाला आहेत. ए विंगेतल्या बायकांनी डाळीच्या आशेनं मावशींना शिकवलं; मावशींनी हाताला वळण लागलं म्हणून बी विंगेतही तेच केलं. ईर्ष्या वगैरे काही नव्हती. मग महिनाअखेर डाळ वाटली गेली. ती घराघरात गेली; मावशींना कुणी मूठभर दिली नाही. एका मावशीनं ते ओट्यावरचं पाकीट पाहिलं, दुसरीला सांगितलं, आणि दोन्ही विंगांतलं वळण एकदमच सुटलं. सकाळी काकांनी 'स्वच्छ'च्या ताईंना भीत भीत विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. कोणत्या मजल्यावर कोण करतं, कोण करत नाही, कुणाची मावशी कधीपासून रागावली. "मग सांगितलं का नाही?" ताई म्हणाल्या, "तुम्ही वजन विचारत होता."

आता इथं दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. डाळ संपली होती, फोटो निघाला होता, कुणाला काही पडलेलं नव्हतं. काकांनी वार्षिक सभेत उठून सतरा पानांचा अहवाल वाचला. प्रयोग फसला; दोन गट वेगळे राहिलेच नाहीत; बक्षीस करणाऱ्याला न जाता भलत्यालाच गेलं; मोजणारानं मोजताना समोरच्या माणसाला विचारलं नाही. "ही चूक माझी," ते म्हणाले, "पान बारा." सभेत शांतता पसरली, कारण आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात हे वाक्य याआधी आलेलं नाही. चेअरमन म्हणाले, सोसायटीच्या अहवालात "यशस्वी" असं छापून झालंय, आता बदलता येणार नाही. तेव्हा सॅम्पलकाकांचा आवाज चढला. पुराव्याचा आग्रह धरणारी माणसं डोकं खातात, पट्टी लांब-आखूड करतात, साधी गोष्ट अकरा रकान्यांत नेऊन ठेवतात, हे सगळं कबूल. पण आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतः उभं राहून वाचणारा माणूस त्या सभेत तो एकच होता. मी त्यांच्या बाजूनं हात वर केला. बाईंनीही केला, त्या सभासद नसताना.

तो शब्द काढून प्रयोग पुन्हा करायचा ठराव एकमताने नाही, पण मंजूर झाला. दुसरा प्रयोग व्हायचा आहे. या वेळी डाळ थेट मावशींना, मोजणी 'स्वच्छ'च्या ताईंना विचारून, आणि रकाने तीनच. अडचण एवढीच, की तुलनेसाठी दुसरी विंग आता चालणार नाही. स्वतंत्र इमारत हवी, जिच्यातल्या मावशी आमच्याकडे येत नाहीत. काकांनी ती शोधण्याचं काम सेक्रेटरीकडे सोपवलंय.

तरी वाचकांपैकी कुणाच्या माहितीत आमच्याएवढीच, दोन विंगांची, साधारण एवढ्याच भांडणांची एखादी सोसायटी असेल, तर कृपया कळवावं. तिथं काही करायचं नाही. कचरा आज जसा टाकता तसाच टाकायचा. सकाळी सातला एक गृहस्थ फाईल घेऊन फाटकाशी उभे राहतील, त्यांना चहा दिला तर हरकत नाही. डाळ मिळणार नाही.